लिपस्टिकच्या टोपणाखाली

अगं जुई, परवा मी मावशीकडे आले ती तुझ्या बॅगा भरायला. मेतकूट, भाजणी, मावशीने हट्टाने कोंबलेला दोन लिटरचा कुकर, सगळं काट्यावर चढवून उतरवून झालं आणि तळाशी तो बुटांचा खोका लागला. मला वाटलं बूटच असतील. उघडला तर कंगवा, लिपस्टिक, दोन पेनं, एक किल्ली, पट्ट्याचं बक्कल. म्हटलं, ही पोर नटण्याचं सामान बुटांच्या खोक्यात का ठेवते? लिपस्टिकचं टोपण काढलं, खालून फिरवली आणि लाल कांडीच्या जागी दोन इंचांचं पातं वर आलं.

मी टोपण लावलं, खोका मिटला. मावशी दाराशीच उभी होती, म्हणून गप्प बसले. तुलाही तिथे काही बोलले नाही. आता घरात कुणी नाही, चहा झालाय, तर ऐक. रागवायला बसलेली नाही मी. मुळात मला तो अधिकारच नाही, कारण माझ्याकडेही एक चाकू होता.

तू तेव्हा बालवाडीत असशील. मी डोंबिवलीहून फोर्टला जायचे. महाबळेश्वरच्या बाजारात, चपला आणि काठ्या विकणाऱ्या दुकानात, तो घेतला होता. लाकडी मूठ, टोकाला पितळ, मिटला की बोटाएवढा. वर्षभर तो कुर्त्याच्या उजव्या खिशात असायचा. लेडीज डब्यात खिशावर हात गेला की बरं वाटायचं. हे बरं वाटणं मला माहीत आहे गं. तो खोका तू काय म्हणून जमवलास, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

जुलैची रात्र होती. ऑफिसात ऑडिट, त्यामुळे डोंबिवलीला उतरले तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. रिक्षाची रांग पुलापर्यंत. चालत निघाले. पुलाच्या जिन्यापासून एकजण मागे होता. मी थांबले की थांबायचा. दुसऱ्या वळणावर तो बाजूला आला आणि म्हणाला, 'सोडू का घरी?' माझा हात खिशात गेला. चाकू हातात आला, तोही वेळेवर. पुढे काय, हे मी वर्षभरात एकदाही करून बघितलं नव्हतं. त्या चाकूच्या पात्याला नखाची खाच होती. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालून पातं ओढायचं. दुसऱ्या हातात उघडी छत्री. बोटं ओली. नख दोनदा घसरलं.

मग काय केलं? छत्री त्याच्या तोंडावर ढकलली. ठरवून नाही, हात तसा गेला. काड्या डोळ्यांशी आल्यावर तो मागे झाला आणि मी 'ओ काका' असं ओरडत मेडिकलकडे धावले. मेडिकलवाल्यांचं शटर अर्धं खाली होतं. काका शटर ओढायचा गज घेऊनच बाहेर आले. तो माणूस एव्हाना गल्लीत वळला होता.

घरी आल्यावर चाकू का उघडला नाही ते बघायला बसले. कोरड्या हातांनी झटक्यात उघडला. मिटवताना मात्र पातं अंगठ्यावर आलं. तीन टाके. आईला सांगितलं, विळी लागली. मावशीलाही आजपर्यंत तसंच वाटतंय, तेव्हा हे आपल्यातच राहू दे.

आता तुझ्या खोक्याकडे वळू. तुझ्या वस्तू माझ्या चाकूपेक्षा हुशारीने बनवल्या आहेत, मान्य. पण एकदा भाजी चिरणारीच्या नजरेने बघ. आपल्या सुरीला मूठ कशी असते? चार बोटं मावतात, आणि पातं जिथे सुरू होतं तिथे आडवा खांदा असतो, हात पुढे जाऊ नये म्हणून. जुन्या कट्यारीला आडवी मूठ का, तर जोर लावला तरी हात मागेच राहावा म्हणून. लिपस्टिकला मूठ कुठाय? दोन बोटांच्या चिमटीत धरायची, ती गुळगुळीत, हात घामेजलेला. जोर लावलास तर पातं जागेवर राहील आणि तुझी बोटं पात्यावर सरकतील. त्या कंगव्याचंही तेच. आणि माझ्यासारखा बिनखटक्याचा मिटणारा चाकू टोचायला गेलीस की तो उलट मिटतो, आपल्याच बोटांवर.

त्यात दोन इंचांचं पातं चालवायचं म्हणजे समोरचा तुला मिठी मारण्याइतका जवळ हवा. ज्या माणसापासून लांब जायचं, त्याच्याच कवेत शिरायचं! त्याने मनगट धरलं की वस्तू कुणाच्या हातात जाणार, हे सांगायला कुस्ती यावी लागत नाही. आणि वेळ किती मिळतो? डेनिस ट्युएलर नावाच्या अमेरिकन पोलिसाने १९८३ मध्ये याचा हिशेब मांडला. त्याने आपल्याच प्रशिक्षणार्थींना पळवून बघितलं. २१ फुटांवरून धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तो हिशेब कमरेला उघडं पिस्तूल लावलेल्या, रोज सराव करणाऱ्या पोलिसांसाठी होता. तुला पर्सची चेन उघडायची आहे, खरी लिपस्टिक कोणती नि खोटी कोणती ते चाचपायचं आहे, टोपण काढायचं आहे आणि मग खालून फिरवायचं आहे.

तू म्हणशील, ताई, मी ते वापरायला थोडीच ठेवलंय, नुसतं दाखवलं तरी घाबरेल. लिपस्टिक बघून? लपवलेल्या हत्याराची हीच तर गोम आहे, ते दिसत नाही म्हणून धाकही घालत नाही.

कायद्याचं आता बोलते, कंटाळू नकोस. इथलं आधी. परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत अशा हत्यारांची यादी शस्त्र नियमांत आहे. तलवार, खंजीर, भाला वगैरे, पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेलं, घरकामाचं आणि शेतीचं सोडून. गुप्ती त्या यादीत नावानिशी आहे. तुझी लिपस्टिक दोन इंचांची, म्हणजे तू सुटलीस असं वाटेल. पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे, १९५१ चा. त्याच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही कारण असतं. १५ दिवसांपुरता निघतो, संपला की पुन्हा निघतो. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, त्या कुणी वाचत नाही. त्यात तलवारी, भाले, सुरे, काठ्या असं सगळं असतंच आणि शेवटी शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू, असंही असतं. तिथे इंच मोजत नाहीत. मोडला तर कलम १३५: एरवी किमान चार महिने, जास्तीत जास्त वर्ष, वर दंड. कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्यांत 'आर्म्स अ‍ॅक्ट ४/२५ सह ३७(१), १३५' असं वाचतेस ना, त्यातलं हे. त्या पोरांच्या पंक्तीत तुझं नाव यायला पर्सची एक झडती पुरे.

याचा अर्थ मार खात बसायचं, असा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क तुझा आहे आणि तो चांगला दणदणीत आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. बलात्काराच्या, अपहरणाच्या, अ‍ॅसिड फेकण्याच्या इराद्याने कुणी अंगावर आला, तर त्याच्या जिवावर बेतलं तरी कायदा तुझ्या बाजूने उभा राहतो, हे कलम ३८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. तो पळाल्यावर मागे धावून वार केलास तर ते स्वसंरक्षण नव्हे. पण बघ, या हक्काला हत्यार लागतच नाही. छत्री चालते, तापलेला तवा चालतो, दात चालतात.

तू चालली आहेस मात्र लेस्टरला, आणि खरी मेख तिथे आहे. चेक-इन बॅगेत चाकू चालतो, हे तू वाचलंस आणि निश्चिंत झालीस. विमानाच्या नियमाला चालतो. उतरल्यावर ब्रिटनचा कायदा सुरू होतो. तिथे १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टखाली बंदी घातलेल्या हत्यारांची यादी आहे. २००२ मध्ये तिच्यात एक प्रकार घातला, वेष पालटलेला चाकू. म्हणजे रोज जवळ बाळगायच्या वस्तूसारखा दिसणारा, आत पातं किंवा टोक लपवलेला. व्याख्येत उदाहरणंही दिली आहेत: कंगवा, ब्रश, लिहिण्याचं साधन, लायटर, किल्ली, लिपस्टिक, टेलिफोन. मी ते वाचलं तेव्हा हसूच आलं. लिहिणाऱ्याने तुझा खोका समोर ठेवून यादी केली की काय! बक्कलातला चाकू राहिला म्हणू नकोस, तो त्याच यादीत वेगळ्या ओळीवर आहे. आणि आपली गुप्ती तिथेही आहे, काठीतली तलवार म्हणून.

या वस्तू देशात आणणं गुन्हा. २०२१ च्या जुलैपासून तर नुसत्या घरात, कपाटात ठेवणंही गुन्हा. 'मी बाहेर नेतच नाही, छंद आहे माझा' हे उत्तर तिथे चालत नाही. गंमत अशी की तिथे रस्त्यावर कारण न देता खिशात ठेवता येतो तो फक्त मिटणारा, बिनखटक्याचा, ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू. म्हणजे माझा महाबळेश्वरचा, ज्याने माझाच अंगठा कापला! त्याहून मोठा किंवा वेगळा चाकू सापडला तर चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि 'स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलाय' हे कारण तिथे सहसा ऐकून घेत नाहीत. उलट तुझा इरादा तूच कबूल केलास असं होतं.

आणि पेपर स्प्रे. मावशीने तुला राखीपौर्णिमेला दिलेला तो, किल्लीच्या कडीला लावलेला. इथे उत्तम आहे, खुशाल वापर, फक्त डब्यावरची तारीख बघत जा आणि वारा कुठून येतोय तेही. ब्रिटनमध्ये तो १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली बंदी असलेल्या हत्यारांत येतो. पिस्तुलाच्या कायद्यात, समजलीस? दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. तुझ्या मास्टर्सची फी, मावशीचं मोडलेलं एफडी, व्हिसा, हे सगळं त्या दीडशे रुपयांच्या डबीला टांगलेलं असेल. तेव्हा तो काढून मावशीच्याच पर्समध्ये घाल. तिला सांग, तुला गरज जास्त आहे. ती रात्री भजनाहून एकटी येते.

आता तू वाघनखांचं काढशील. काढणारच, खोक्याच्या झाकणावर आतून वाघनखांचं चित्र चिकटवलंयस की! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा रांगेत मीही होते. ती शिवाजी महाराजांचीच, हे सिद्ध करता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. तरी काचेपाशी गेल्यावर अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण १० नोव्हेंबर १६५९ चा तो दिवस नीट आठव. लपवलेलं हत्यार होतं, बरोबर. त्याआधी पंताजी गोपीनाथ अफजलखानाच्या गोटात जाऊन त्याच्या मनातलं काढून आले होते. भेटीची जागा महाराजांनी निवडली, प्रतापगडाच्या पायथ्याशी, स्वतःच्या मुलखात. अंगरख्याखाली चिलखत होतं, पगडीखाली जिरेटोप होता. जावळीच्या रानात फौज दबा धरून होती, गडावरच्या तोफेची इशारत ठरली होती. आणि सय्यद बंडा चालून आला तेव्हा हात कुणी छाटला? होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे आपण शाळेत पाठ केलंय. इतकं सगळं जमवल्यावर मग मुठीत वाघनखं. तुझ्या बेतात पहिली पायरी लिपस्टिक आणि शेवटचीही लिपस्टिक.

तुझा जिवा महाला कोण, ते मला सांग. लेस्टरला घर घेतलंयस ते स्टेशनपासून किती लांब? रात्री लायब्ररीतून बरोबर यायला कोण आहे? बघितलंच नसशील. मला ते आधी कळव.

काही गोष्टी लिहून घे, तिथे लगेच लागतील. ९९९ लावायचा. बोलता येत नसेल, कुणी शेजारीच असेल, तर मोबाइलवरून ९९९ लावून सूचना ऐकू आली की ५५ दाबायचं. नुसतं गप्प राहिलीस तर तो चुकून लागलेला फोन समजतात. तिथल्या बऱ्याच पबमध्ये काउंटरवर जाऊन 'अँजेला आहे का' असं विचारायचं. लिंकनशायरमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेली युक्ती आहे ही, कर्मचाऱ्यांना कळतं की हिला इथून गुपचूप बाहेर पडायचंय. आणि पिन ओढली की किंचाळणारा अलार्म घे, किल्लीला लावायचा. ब्रिटिश पोलीस सांगतात की स्वसंरक्षणाचं म्हणून तिथे निर्धास्तपणे बाळगता येतं ते एवढंच. मी कालच मागवलाय तुझ्यासाठी. आल्यावर एकदा घरात ओढून बघ, शेजारचे आबा धावत येतात की नाही ते कळेल. खरंच ओढून बघ हं. मी माझा चाकू ओल्या हाताने एकदा जरी उघडून बघितला असता, तर वर्षभर तो बाळगत बसले नसते.

इथे असतीस तर म्हटलं असतं, ११२ लाव. आणि पॉवरचं बटण तीनदा दाबून तो लागतो का, ते तुझ्या फोनवर आधी तपासून बघ.

डिसेंबर २०१२ नंतर, दिल्लीतल्या त्या सामूहिक बलात्कारानंतर, आपण सगळ्याच अशा काही ना काही वस्तू घेत सुटलो होतो. पुढच्याच महिन्यात मुंबईत एका राजकीय पक्षाने बायकांना छोट्या सुऱ्याच वाटल्या. परळच्या माझ्या मैत्रिणीच्या आईला एक मिळाली होती. छान धार आहे म्हणतात, भेंडी एकदम बारीक चिरली जाते. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, चीड आली होती. रस्त्यावर दिवा लावायचा सोडून आमच्या हातात सुरी देतात, म्हणजे उद्या काही झालं तर विचारायला मोकळे, सुरी होती ना, वापरली का नाहीस? तुझ्या खोक्यावरही माझा राग आहे तो हाच. तू बावीस वर्षांची आहेस आणि घराबाहेर पडताना मनातल्या मनात मारामारीची उजळणी करतेस. हे तुझ्यावर कुणी आणलं, त्याचा राग.

जमवण्याच्या नादाला मात्र मी नावं ठेवणार नाही. त्या किल्लीतलं पातं किती सुबक बसवलंय, मीही दोनदा उघडझाप करून बघितली. लपवलेल्या वस्तूंचं वेड माणसाला जुनंच आहे. तुला पात्याचं खरंच वेड असेल, तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते बघ. तीही पातीच आहेत, काही पोपटाच्या आकाराची, काही जोडप्याच्या. तासभर हलणार नाहीस. लेस्टरहून एखाद्या सुट्टीत लीड्सला जा, तिथे रॉयल आर्मरीज आहे, हिंदुस्थानी हत्यारांचं दालन आहे. काचेबाहेरून पोटभर बघ आणि मला फोटो पाठव.

खोका मी घेऊन जाते. फेकणार नाही, घाबरू नकोस. माझ्या कपाटात वरच्या फळीवर राहील, महाबळेश्वरच्या चाकूशेजारी. तू परत आलीस की तुझा तुला. मात्र काढताना पेनं दोन आहेत ते बघ. मी त्यातलं एकच उघडलं होतं, दुसरं तुझ्या पाउचमध्ये नाही ना गेलं? कंगवाही तपास, मावशीने परवा तुझी बॅग भरताना 'हा चांगला जाड आहे' म्हणून एक कंगवा वरच्या कप्प्यात टाकलाय. मंगळवारी सकाळी येते मी. त्याआधी बॅग पूर्ण रिकामी कर आणि पुन्हा भर, स्वतःच्या हाताने.